शेवटच्या तीन पायऱ्या

वासंती गद्रे पडल्या त्याला अकरा आठवडे झाले होते आणि त्या अजून संतापलेल्याच होत्या. मनगटाचं हाड सहा आठवड्यांत जुळलं. संतापाला प्लॅस्टर घालत नाहीत, त्यामुळे तो मोकळाच राहिला.

पडण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी माणूस पडू शकतो, हे त्यांना मान्य होतं. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाई त्या. नवे कोरे खांब आडवे झालेले त्यांनी पाहिले होते. तक्रार होती ती भेटायला येणाऱ्यांबद्दल. येणारा प्रत्येक जण टेबलावर मोसंबी ठेवायचा, खुर्चीत टेकायचा आणि विचारायचा, "पण पडलातच कशा?" जणू पडण्याचे तीन-चार प्रकार दुकानात मांडलेले होते आणि बाईंनी नेमका चुकीचा उचलला. एका मावसनणंदेनं तर "घाईत होतात का हो?" असंही विचारलं.

"छे," वासंतीबाई म्हणाल्या. "सकाळची कामं आवरली, गॅस बंद केला आणि मग सवडीनं पडले."

पडल्या होत्या त्या अशा. इमारतीचं नाव 'कृतार्थ'. सदाशिव पेठेत, तीन मजले, लिफ्ट नाही. वासंतीबाईंच्या दुसऱ्या मजल्यापासून खाली चौतीस पायऱ्या. त्यातल्या एकतीस पायऱ्यांना लोखंडी कठडा होता. शेवटच्या तीन पायऱ्यांना नव्हता. या तीन पायऱ्या बिल्डरनं शोभेच्या केल्या होत्या, पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या, आणि शोभेच्या आड कठडा नको म्हणून तो आधीच संपवला होता. उजवीकडे मोकळी जागा, डावीकडे भिंत. अडतीस वर्षं सगळी इमारत त्या भिंतीला हात टेकून उतरत आली होती. कमरेच्या जरा वर भिंतीवर एक तेलकट काळा पट्टाच तयार झाला होता. मग गेल्या वर्षी संस्थेनं जिन्याला मलईसारखा नवा रंग दिला. पट्टा गेला आणि त्याच्या जागी पाटी आली:

'भिंतीस हात लावू नये. रंग नवा आहे, हात जुनेच आहेत.'

त्या दिवशी वासंतीबाईंच्या उजव्या हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं होतं. मधल्या पायरीवर पाय सटकला. डावा हात आपोआप भिंतीकडे गेला. पडताना माणसाला म्हणे आयुष्य डोळ्यांपुढून जाताना दिसतं. वासंतीबाईंना पाटी दिसली. त्यांनी हात मागे घेतला.

मग त्या पडल्या.

कोणी पाहिलं नाही ना, हे त्यांनी आधी पाहिलं. मग तिथल्या एका स्कूटरला धरून उठल्या, गाठोडं उचललं आणि मोडलेलं मनगट घेऊन चौतीस पायऱ्या चढून घरी गेल्या. स्वतःच्या हातानं चहा करता येईना, तेव्हा मुलाला फोन केला.

मुलगा सलिल हडपसरला राहायचा, सतराव्या मजल्यावर. तिथली लिफ्ट प्रत्येक मजल्याचं नाव बोलून दाखवायची. तो आला, क्ष-किरणाचा फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि एकुलत्या एका मुलाला शोभेल अशा सुरात म्हणाला, "आई, आता बस झालं. तू आमच्याकडे ये."

"मी काय केलं म्हणून?"

"शिक्षा नाहीये ही. तुला साधा जिना उतरता येत नाही. इथं एकटी राहून काय करणार?"

बरीच घासाघीस होऊन तह झाला. वासंतीबाईंनी दसऱ्यापर्यंत जिना एकटीनं उतरून आणि चढून दाखवायचा. दाखवला तर घर त्यांचं. नाही तर हडपसर, सतरावा मजला, बोलणारी लिफ्ट. तोवर खाली पाय ठेवायचा नाही. आणि जमतंय की नाही, हे फिजिओथेरपिस्टनं सांगायचं.

ही फिजिओथेरपिस्ट म्हणजे पूर्वा झेंडे. सव्वीस वर्षांची, मूळची लोणी काळभोरची, आठवड्यातून तीनदा स्कूटरवरून यायची. एरवी पेठेत चालेल असं बोलायची, चिडली की गावाकडचं यायचं. पहिल्या दिवशी तिनं "आजी" म्हटलं. वासंतीबाईंनी आपल्याला नातवंडं नाहीत असं कळवलं. तेव्हापासून "काकू".

"काकू, ओट्याला एक बोट टेकवा आणि एका पायावर उभ्या राहा."

"का?"

"चालताना माणूस अर्धा वेळ एकाच पायावर असतो."

हे कोणी त्यांना एकाहत्तर वर्षांत सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या तीन सेकंद टिकल्या आणि ओट्याला दोन शिव्या दिल्या. मग रोजचं सुरू झालं. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. फरशीच्या रेघेवरून टाचेला अंगठा लावत चालायचं. आडवं चालायचं, खेकड्यासारखं. घडी घातलेल्या ब्लँकेटवर उभं राहून मान इकडेतिकडे वळवायची, म्हणजे रस्त्यात कोणी हाक मारली तर वळून बघताना तोल जात नाही.

"मला हाक मारणारे उरलेत किती," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग हॉर्न तरी असतीलच."

त्यांच्या घरातल्या चपलेला पूर्वानं दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं आणि मागे पट्टा असलेली आणायला लावली. चष्मा बदलायला लावला, कारण दुहेरी काचेच्या खालच्या भागातून पायरी जिथं असते तिथं दिसत नाही. रक्तदाबाची गोळी कधी घेता, उठल्या उठल्या गरगरतं का, हेही विचारून डॉक्टरांना कळवलं. नवव्या आठवड्यात वासंतीबाई डोळे मिटून पाय जुळवून अर्धं मिनिट उभ्या राहिल्या आणि एका पायावर सोळा सेकंद. सतराव्या सेकंदाला फोन वाजला, म्हणून.

मग एका बुधवारी पूर्वा त्यांना कमरेच्या पट्ट्याला धरून जिन्यानं खाली घेऊन आली. एकतीस पायऱ्या उत्तम. बत्तिसाव्या पायरीशी ती थांबली. कठडा संपल्याच्या जागी हात फिरवला, उजवीकडे बघितलं, पाटी वाचली, पुन्हा वाचली.

"ह्ये काय हाय?"

"पाटी आहे."

"कोणी लिहिली?"

"संस्थेनं," वासंतीबाई म्हणाल्या आणि उगाचच पदर नीट केला.

पूर्वानं त्यांना परत वर नेलं आणि सरळच सांगितलं. व्यायाम तुम्ही केलात, फक्कड केलात. पण व्यायाम हे अर्धं काम आहे, उरलेलं अर्धं घराचं आणि जिन्याचं. या तीन पायऱ्यांना धरायला काही नसेल, तर सलिलदादांना मी 'एकट्या उतरू शकतात' असं सांगणार नाही. ते खोटं होईल.

म्हणजे मामला तीन पायऱ्यांवर आला. चार हात लोखंडी नळी भिंतीत बसली तर घर राहणार होतं, नाही तर जाणार होतं. वासंतीबाईंनी त्याच दुपारी संस्थेला अर्ज लिहिला. डाव्या हातानं, कारण उजव्यानं अक्षर नम्र आलं असतं.

अध्यक्ष होते बद्रीनाथ मुजुमदार, वय अठ्ठ्याहत्तर, पहिला मजला. पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यातली बरीच वर्षं खडकवासल्याला. सगळा जन्म पाणी अडवण्यात गेला. निवृत्तीनंतर अडवायला पाणी मिळेना म्हणून ते अर्ज अडवत असत. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात मुद्दे होते. 'एक, संस्थेच्या दप्तरी आपल्या पडण्याची नोंद आढळत नाही. दोन, पडण्यास साक्षीदार नाही. तीन, सदर पायऱ्यांवरून अन्य सभासद नियमितपणे न पडता ये-जा करतात. चार, कठडा बसविल्यास आगंतुकास ही वास्तू वृद्धाश्रम वाटण्याचा संभव आहे. तरी रविवारी सायंकाळी पाच वाजता कमिटीपुढे समक्ष येऊन आपली बाजू मांडावी.'

'कृतार्थ'मधल्या मालकांचं सरासरी वय त्र्याहत्तर होतं. आगंतुकाला आणखी काय वाटणार होतं, देव जाणे.

रविवारी सभा बद्रीनाथरावांच्या दिवाणखान्यात भरली. वासंतीबाई पूर्वाला घेऊन एक मजला उतरून आल्या. कमिटी पाच जणांची. अध्यक्ष, खजिनदार दीनानाथ, वय ब्याऐंशी, जे ऐकू येत नसलं तरी मान डोलवत आणि ऐकू आलं तर डोलवत नसत, तिसऱ्या मजल्यावरच्या मायनकर भगिनी, ज्या एक मत दोघींत मांडत, आणि सचिव अनिरुद्ध, वय एकसष्ट, संस्थेचा तरुण चेहरा. त्याच्या मांडीवर इतिवृत्ताची वही होती.

"वहिनी," बद्रीनाथराव म्हणाले, "आधी एक सांगा. भिंत होती ना शेजारी? धरली का नाही?"

"पाटी आहे तिथं."

"हो, पण पडताना पाटी कोण पाळतं?"

"मी," वासंतीबाई म्हणाल्या. "तुम्ही पाळत नसाल तर लावता कशाला?"

बद्रीनाथरावांनी हात पुढे केला. अनिरुद्धनं वहीची मागची पानं उलटून वही त्यांच्या हातात दिली. ते चष्मा सरसावून वाचू लागले. "ठराव क्रमांक सात. जिन्यातील भिंतीस हात लावण्यास मनाई करणारी पाटी लावावी. मजकुरासह सूचक, श्रीमती वासंती गद्रे."

पूर्वानं वळून त्यांच्याकडे बघितलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. वासंतीबाईंनी ते स्वतःलाही अकरा आठवडे सांगितलं नव्हतं. मजकूर सुचला होता तेव्हा त्या दोन दिवस खुशीत होत्या, हे मात्र त्यांना आत्ता नको इतकं आठवलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पाटी माझी. मी मूर्खपणा केला आणि त्याचं मनगट मोडून घेतलं. माझा हिशोब मिटला. आता त्या ठरावाला अनुमोदन कोणाचं आहे, तेही वाचा."

बद्रीनाथरावांनी वही मिटली.

"प्रश्न तो नाही," ते म्हणाले. "प्रश्न असा की कठड्याची गरज आहे का. मी म्हणतो, चला, प्रत्यक्ष उतरून पाहू. संपूर्ण कमिटी. अनिरुद्ध, पाहणी म्हणून लिही. कोणाचीही मदत न घेता उतरायचं. पाच जण नीट उतरलो, तर विषय कायमचा बंद."

दीनानाथांनी मान डोलवली.

पूर्वा वासंतीबाईंना धरून सगळ्यात आधी खाली घेऊन गेली आणि पंख्यासारख्या पायऱ्यांच्या उजव्या कडेला, मोकळ्या बाजूला, त्यांना उभं केलं. अनिरुद्ध वही छातीशी धरून तीनही पायऱ्या टणाटण उतरला आणि पेन काढून उभा राहिला. मग दीनानाथ आले. कठडा संपला तशी त्यांची पावलं बारीक झाली. भिंतीकडे त्यांनी पाहिलं, पाटीकडे पाहिलं. एवढ्यात त्यांची नजर वासंतीबाईंवर गेली आणि चेहरा उजळला.

"काय वासंतीबाई, बारीक झालात," असं म्हणून त्यांनी आपुलकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आपुलकीचं वजन साधारण पंचावन्न किलो होतं. ते घेऊन ते तिन्ही पायऱ्या उतरले.

"एक सभासद सुखरूप," अनिरुद्धनं लिहिलं.

थोरल्या मायनकर बाईंना वासंतीबाईंच्या साडीचा पोत बघायचा होता. तो बघायला खांद्यापाशी पदर घट्ट धरावा लागला आणि बघून होईतो पायऱ्या संपल्या. धाकटीला सलिलची खुशाली हवी होती. तिनं विचारण्यासाठी दोन्ही हात वापरले.

वासंतीबाई नीट उभ्या होत्या. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल. पूर्वानं शिकवलं होतं तसं. अकरा आठवड्यांपूर्वी एवढं ओझं आलं असतं तर त्या दीनानाथांसकट आडव्या झाल्या असत्या. पण तिसरा हात खांद्यावरून उठला तेव्हा त्यांच्या कानशिलांत काहीतरी तापायला लागलं. इतकी वर्षं शेजारी राहून या माणसांनी कधी त्यांची साडी बघितली नव्हती. ही चौकशी नव्हती. हा कठडा होता. संस्थेनं तो फुकटात बसवून घेतला होता आणि त्याच कठड्याला धरून उतरत कठडा नको असं लिहून घेत होती.

बद्रीनाथराव उरले होते. जुन्या कठड्याचं टोक सोडून ते एक पायरी खाली आले आणि त्यांचा हात हवेत पुढे आला.

"काय वहिनी..."

वासंतीबाई खेकड्यासारख्या दोन पावलं बाजूला सरल्या. व्यवस्थित, टाचा न अडकवता.

बद्रीनाथरावांचा हात तिथंच राहिला. मागे कठड्याचं टोक वीतभर लांब, आणि ते धरायला मागे वळायला हवं होतं. डावीकडे भिंत होती. भिंतीवर पाटी होती.

"उतरा," वासंतीबाई म्हणाल्या.

"उतरतोय. जरा पाहणी करतोय."

"करा. सावकाश करा."

अनिरुद्ध पुढे झाला. "जागेवर राहा, अनिरुद्ध," त्या म्हणाल्या. "मदत घेतली तर मदत घेतली असं लिहावं लागेल. आणि आधीच्या तिघांचंही खोडून परत लिही. तिघंही माझ्या खांद्याला धरून उतरलेत. मी पडले तेव्हा या जागी कोणाचा खांदा होता? वर मलाच विचारता, साक्षीदार होता का म्हणून. साक्षीदार असता तर मी त्यालाच नसतं का धरलं?"

दीनानाथांची मान स्थिर होती, म्हणजे त्यांना ऐकू आलं होतं.

पूर्वा बद्रीनाथरावांच्या एक पायरी खाली, समोर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात तयार ठेवून. "काका, तुम्हाला पडू देणार नाही मी. पण तुम्ही म्हणाल्याशिवाय धरणारही नाही."

"मला गरज नाही."

"बरं. मग मी उभी हाय."

दोन मिनिटं गेली. बाहेरून तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू आले, दोन आयटीतले, हेल्मेट घातलेले. "एक्स्क्यूज मी अंकल," म्हणत एक उजवीकडून वर गेला, एक डावीकडून. बद्रीनाथराव प्रत्येकाच्या वाऱ्यानं थोडे हलले. मग त्यांनी घसा साफ केला आणि तिथूनच सभा पुढे चालवली. ड्रेनेजच्या झाकणाचा विषय घेतला. टाकी धुण्याचा घेतला. हे सगळं ते गुडघे न हलवता बोलत होते. पाचव्या मिनिटाला कपाळावर घाम आला.

"कठड्याच्या विषयाबाबत," ते म्हणाले, "तत्त्वतः मान्यता द्यायला हरकत नसावी."

"तत्त्वाला धरून मला उतरता येत नाही," वासंतीबाई म्हणाल्या. "लोखंडाचा लिहा."

"लोखंडाचा. अनिरुद्ध, लिही."

अनिरुद्ध अवघडला. "काका, हा विषय पत्रिकेवर फक्त सुनावणी म्हणून आहे. ठराव करायचा तर विशेष सभा लागेल. चौदा दिवस आधी नोटीस."

"आणि चौदा दिवस मी इथं उभा राहू?"

दीनानाथ पहिल्यांदाच बोलले. "तातडीची बाब म्हणून घेता येतं."

"तातडी काय लिहू?"

"अध्यक्ष जिन्यात आहेत, असं लिही," वासंतीबाई म्हणाल्या.

ठराव एकमतानं मंजूर झाला. मायनकर भगिनींनी दोघींत एकच हात वर केला. मग बद्रीनाथरावांनी पूर्वाकडे न बघता आपला हात तिच्याकडे दिला आणि तिनं "आधी दुखरा पाय खाली, मग दुसरा," असं हळूच सांगत त्यांना उतरवलं. चौघं जण या वेळी आपापली चप्पल न्याहाळत होते.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी कठडा बसला. इतिवृत्ताची प्रत दारोदार आली, त्यात लिहिलं होतं: 'ज्येष्ठांच्या सुरक्षिततेचा विचार करून मा. अध्यक्षांनी स्वतः सुचविल्यानुसार.' वासंतीबाईंनी ते दोनदा वाचलं. पूर्वानं तेवढ्यात त्यांचा रक्तदाब घेतला आणि आजचा आकडा धरायचा नाही असं ठरवलं.

रविवारी सलिल आला आणि परीक्षेसाठी खाली जाऊन थांबला. पूर्वाचा निरोप त्याच्या फोनवर होता: कठडा बसलाय, एकट्या उतरू शकतात, स्वतः बघा. वासंतीबाई पट्ट्याची चप्पल घालून निघाल्या. चढउतार सरावाची झाली होती. एकतीस पायऱ्या त्या एकाही ठिकाणी न थांबता उतरल्या. आणि वळणावर थांबल्या.

पुढे बद्रीनाथराव होते. नव्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून, मग पुढची पायरी, असे ते उतरत होते. म्हणजे उतरत असावेत. सध्या ते थांबले होते.

"पुढे व्हा," वासंतीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझी परीक्षा चालू आहे."

"कठड्याची तपासणी करतोय."

खालून सलिलचा आवाज आला. "आई, थांबलीस का? जमत नाहीये का?"

तीन महिने ओट्यापाशी उभं राहायचं, अर्ज लिहायचे, तीन माणसं खांद्यावर घ्यायची आणि घर जायचं ते शेवटी या माणसाच्या तपासणीपायी. वासंतीबाईंचा हात कठड्यावर इतका आवळला की नव्या जुळलेल्या मनगटातून कळ गेली.

"आई?" सलिल दोन पावलं पुढे आला. "राहू दे. मी येतो वर, घेऊन येतो तुला."

"थांब रे," बद्रीनाथराव म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही, कारण मान वळवली की तोल जायचा. "त्यांना जमतंय. मला जमत नाहीये. त्या माझ्यामुळे खोळंबल्यात."

वासंतीबाईंना पटकन लागेल असं काहीतरी बोलायचं होतं आणि तसं बरंच तयारही होतं. पण त्यांच्या पुढच्या पायरीवर सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती.

"पायांकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "चष्मा दुहेरी आहे तुमचा. समोर बघा. कोणता गुडघा?"

"डावा."

"मग डावा आधी खाली. एक हात मोकळा सोडा, कठडा कुठं पळून जात नाही. हां. आता उजवा."

बद्रीनाथराव खाली पोचले, सलिलच्या शेजारी उभे राहिले आणि रुमालानं मान पुसत म्हणाले, "ती मुलगी कोणत्या वारी येते?"

"सोम, बुध, शुक्र. तुम्हाला 'काका'च म्हणेल, पण ओट्यापाशी उभं करील," वासंतीबाई म्हणाल्या आणि डावा हात कठड्यावरून सरकवत उरलेल्या तीन पायऱ्या उतरल्या.

सलिल हसत होता. "ठीक आहे, आई. दाखवलंस. चल आता वर, चहा कर."

"तुला दाखवायला नाही उतरले मी. तीन महिने तू फोनवरून मागवलेली मेथी खातेय. त्या मेथीत निम्मे दांडेच असतात. मंडईत जाऊन येते."

"मी येतो बरोबर."

"कशाला? तू वर जा आणि कुकर लाव. परत चढून आले की तेही बघशील."

तो पिशवी घ्यायला पुढे झाला. ती त्यांनी दिली नाही. फाटकाशी पोचल्या तेव्हा मागून बद्रीनाथरावांनी हाक मारली, काहीतरी पुढच्या ठरावाबद्दल. वासंतीबाईंनी चालता चालता मान वळवली, "रविवारी पाचला, लेखी द्या," म्हणाल्या आणि रस्त्याला लागल्या.